दारावरचे पहारेकरी

कोणत्याही क्रीडास्पर्धेचा बक्षीस समारंभ असो, व्यासपीठावरून एक सुभाषित हटकून ऐकविले जाते : खेळात जात नसते, धर्म नसतो, राजकारण तर नसतेच नसते, तेथे असते ती केवळ गुणवत्ता. रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीचे कबड्डीचे मैदान असो की मुंबईतील झगझगीत क्रीडागार, वाक्य तेच आणि टाळ्याही त्याच. हे वाक्य उच्चारणारे बहुधा संघटनेच्या किल्ल्या हाती असणारेच असतात. म्हणूनच ते एकदा कसून तपासले पाहिजे. गुणवत्तेचा निकाल मैदानात लागतो हे खरे; परंतु त्या मैदानात कोणी उतरायचे, हे मैदानाबाहेर ठरते. दार राखणाराच अखेर विजेत्याचे नाव लिहीत असतो.

मुष्टियुद्धातील ‘हेवीवेट जगज्जेता’ या पदवीचेच उदाहरण घ्यावे. पृथ्वीतलावरील सर्वांत बलवान पुरुष कोण, याचा निवाडा करणारी पदवी म्हणून तिचा डंका पिटला गेला. तिचा आरंभीचा इतिहास मात्र वादांनी भरलेला आहे. १८८७ साली न्यूयॉर्कच्या ‘पोलीस गॅझेट’ या पत्राचा मालक रिचर्ड फॉक्स याने जेक किलरेन या मुष्टियोद्ध्याला स्वतःच जगज्जेता म्हणून जाहीर केले आणि त्याला पट्टा बहाल केला, कारण तेव्हाचा मान्यवर विजेता जॉन सुलिव्हन याच्याशी त्याचे बिनसले होते. सुलिव्हनच्या बॉस्टनकर चाहत्यांनी त्याच वर्षी आपल्या नायकाला हिरेजडित असा दुसरा पट्टा अर्पण केला. पट्टे दोन, जगज्जेते दोन, आणि दोघांची गाठ अद्याप पडलेलीच नव्हती! हा वाद निदान १८८९ साली मिसिसिपीत, ७५ फेऱ्यांच्या झुंजीनंतर सुलिव्हनच्या विजयाने मिटला. वर्तमानपत्राचा मालक जगज्जेता घडवू पाहतो, यातील हास्यास्पदता त्या दिवशी उघडी पडली.

याहून भयंकर वाद होता तो मिटू नये अशीच व्यवस्था करण्यात आली होती. पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १८८६ साली ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला आणि पुढे अमेरिकेत आला. सुलिव्हनने त्याच्याशी लढण्यास नकार दिला. काळ्या माणसाशी आपण लढणार नाही, ही त्याची जाहीर भूमिका होती. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेटशी जॅक्सनची ६१ फेऱ्यांची झुंज झाली व ती निकालाविना थांबविण्यात आली. पुढल्याच वर्षी कॉर्बेटने सुलिव्हनला हरविले आणि तो जगज्जेता झाला. ज्याला तो ६१ फेऱ्यांत हरवू शकला नव्हता, त्या जॅक्सनला मात्र त्या पदवीसाठी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. १९०१ साली क्षयाने त्याचा अंत झाला. तर मग १८९२ साली जगातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण होता? पदव्यांची यादी कॉर्बेट असे उत्तर देते. ते उत्तर रिंगणातून आलेले नाही, ते दारावरच्या पहारेकऱ्याचे आहे.

पुढे जेम्स जेफ्रीझ याने १९०५ साली अजिंक्य म्हणून निवृत्ती घेतली. जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय आव्हानवीराशी पदवीसाठी लढण्याचे त्याने टाळले होते. मार्व्हिन हार्ट आणि जॅक रूट यांच्या सामन्यात तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला आणि जिंकलेला हार्ट नवा जगज्जेता म्हणून मिरवू लागला. एखाद्या वतनदाराने वतनाला दत्तक वारस नेमावा, तसा हा प्रकार होता. हार्टकडून ते वतन १९०६ साली टॉमी बर्न्सकडे गेले. जॉन्सनने बर्न्सचा देशोदेशी पाठलाग केला, तेव्हा कोठे २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे त्याला झुंज मिळाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबविली, इतकी बर्न्सची दैना झाली होती. तरीही बर्न्सला ठरलेले मानधन ३०,००० डॉलर होते, जॉन्सनचे ५,०००. हरणाऱ्याला तीस हजार आणि जिंकणाऱ्याला पाच हजार! गुणवत्तेचा बाजारभाव कशाने ठरतो, हे सांगण्यास आणखी कोणत्या ग्रंथाची गरज आहे?

तेवढ्याने गौरवर्णीयांचे समाधान झाले नाही. निवृत्त जेफ्रीझला विनवून परत आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्यालाही लोळविले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मारली गेली, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. १९१२ साली अशा झुंजींचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घालणारा कायदा झाला. १९१३ साली जॉन्सन पदवीवर असतानाच ‘गोऱ्यांचा जगज्जेता’ अशी वेगळी पदवी निर्माण करून तिच्यासाठी सामना लावण्यात आला. त्याच वर्षी एका गोऱ्या स्त्रीबरोबरच्या संबंधांवरून त्याच्यावर खटला होऊन त्याला दोषी ठरविण्यात आले. त्या अन्यायाबद्दल त्याला माफी मिळाली ती २०१८ साली, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. १९१५ साली जॉन्सन हरला आणि दार पुन्हा बंद झाले. ते जो लुईसाठी १९३७ साली उघडले. मधली बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या पदवीसाठी लढू दिले गेले नाही.

वर्णद्वेष हा तिकडचा रोग आहे, असे समाधान येथे कोणी करून घेऊ नये. त्याच काळात पुण्या-मुंबईच्या मैदानांवर हीच कथा घडत होती आणि तिचा नायक मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील कुटुंबाचा होता. पालवणकर हे आडनाव या जिल्ह्यातील पालवण गावावरून आले. या चर्मकार कुटुंबातील बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्करी नोकरीत होते. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकणे, हे बाळूंचे काम. पगार महिना चार रुपये. साहेबांना बाद करण्याची त्यांना मुभा होती, हाती बॅट घेण्याची नव्हती. अशा सक्तीच्या मेहनतीतून देशातील अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले ते समतेच्या उमाळ्याने नव्हे, तर युरोपियनांना हरवायचे होते म्हणून. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडूला विटाळ होत नव्हता, कपबशीला होत होता! १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली भारतीय संघ प्रथमच अखिल भारतीय म्हणून इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज, जे मोजकेच सामने खेळले. एकाकडे बळी होते, दुसऱ्याकडे संस्थान होते. कर्णधारपद संस्थानाकडे गेले.

चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावे, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली आणि वर्षानुवर्षे डावलली गेली. १९२० साली कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. तेव्हा नेतृत्व ज्येष्ठ बाळूंकडे येणे क्रमप्राप्त होते. त्याऐवजी त्यांना संघातूनच वगळण्यात आले आणि दि. ब. देवधर यांना कर्णधार करण्यात आले. बाळूंचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. गवगवा झाला, निवड समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेल्याने तेवढ्यापुरते नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. जे दार थोरल्या भावाला बंद राहिले, ते धाकट्याला उघडले. ते कोणाच्या औदार्याने उघडलेले नव्हते. दोन खेळाडूंनी खेळायला नकार दिला होता, म्हणून ते उघडले.

या इतिहासातील एक कटू सत्य कार्यकर्त्यांनी नजरेआड करू नये. जगज्जेता झालेल्या जॉन्सनने सॅम लँगफर्डसारख्या तोडीच्या कृष्णवर्णीय योद्ध्यांना पदवीसाठी झुंज नाकारली. गोऱ्या आव्हानवीरांवर पैसा अधिक मिळत होता. बाळू पालवणकरांना १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने उभे केले ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध, आणि ते पराभूत झाले. एक माणूस दारातून आत गेला म्हणजे दार सर्वांना खुले झाले असे नव्हे. पुष्कळदा आत गेलेल्यालाच बाहेरच्यांविरुद्ध उभे केले जाते. व्यक्तीचे यश आणि व्यवस्थेतील बदल यांत गल्लत करणे ही प्रस्थापितांची सोय असते, चळवळीची नव्हे.

हा सारा भूतकाळ झाला, असे कोणी म्हणेल. त्याने २०२३ सालाकडे पाहावे. राज्यातील कुस्ती संघटनेत फूट पडली आणि त्या वर्षी नोव्हेंबरात ‘महाराष्ट्र केसरी’च्या दोन स्पर्धा भरल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख याने शिवराज राक्षे याला हरवून गदा उचलली. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी गदा शिवराज राक्षे याने उचलली. यात मल्लांचा दोष तो काय? त्यांनी दोन्ही ठिकाणी घामच गाळला. भांडण होते खुर्च्यांचे. फॉक्सचा पट्टा आणि बॉस्टनचा पट्टा महाराष्ट्राच्या मातीत गदा होऊन अवतरले, इतकेच. पोराच्या खुराकासाठी जमीन गहाण टाकणाऱ्या शेतकरी बापाला आपला मुलगा खरा केसरी की अर्धा, हे सांगण्याची जबाबदारी कोणत्या पदाधिकाऱ्याने घेतली? त्याच वर्षी ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर न्यायासाठी दिल्लीच्या रस्त्यावर बसले, तेव्हा त्यांनाही हेच ऐकविण्यात आले की खेळात राजकारण आणू नका. सत्ताधाऱ्यांनी संघटना बळकाविली की ती सेवा ठरते, आणि खेळाडूने तोंड उघडले की ते राजकारण ठरते!

तेव्हा ‘खेळात राजकारण नको’ या सुभाषिताला कार्यकर्त्यांनी प्रश्नांनी उत्तर द्यावे. जिल्ह्याच्या संघात कोणत्या वाड्यांतील, कोणत्या वस्त्यांतील मुले-मुली आहेत आणि कोणत्या वस्त्यांतील कधीच नसतात? प्रवेश शुल्क आणि प्रवासखर्च मजुराच्या मुलाला परवडतो काय? निवड समितीच्या बैठकीचा वृत्तान्त खेळाडूला पाहता येतो काय? संघटनेच्या कार्यकारिणीत खेळाडूंचे निवडून आलेले प्रतिनिधी किती, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच अध्यक्ष किती? हे प्रश्न सभेत विचारले पाहिजेत, माहितीच्या अधिकारात विचारता येतील तेथे लेखी विचारले पाहिजेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहिले पाहिजेत. आणि या जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत मुलांना सांगितले पाहिजे की, पालवणच्या एका कुटुंबातील दोन भावांनी १९२० साली संघाबाहेर राहणे पत्करले, म्हणून तीन वर्षांनी त्यांच्यातलाच एक कर्णधार झाला.