कार्ड, कॉफी आणि प्रार्थना

नेटवर्किंग म्हटलं की काय आठवतं? हॉटेलचा एसी हॉल, गार झालेली कॉफी आणि खिसाभर व्हिजिटिंग कार्ड्स. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं तर पोटच ओळखींवर चालतं, त्यामुळे नाक मुरडायची सोय नाही! पण याच मीटिंगमध्ये कुणी प्रार्थना सुरू केली तर? अमेरिकेत हा प्रकार चांगलाच जुना आहे.

साल १९५१. लॉस एंजेलिसमधल्या क्लिफ्टन्स कॅफेटेरियात डेमॉस शकारियन या आर्मेनियन वंशाच्या डेअरीमालकाने व्यावसायिकांना बोलावलं. पाहुणे होते तेव्हाचे गाजलेले प्रवचनकार ओरल रॉबर्ट्स. तरीही आले जेमतेम वीसेक जण! संस्थेचं नाव मात्र दणदणीत: फुल गॉस्पेल बिझनेस मेन्स फेलोशिप इंटरनॅशनल. पहिलं वर्ष रडतखडत गेलं. १९५३ मध्ये रीतसर नोंदणी झाली, ‘व्हॉइस’ हे मासिक निघालं आणि मग शाखा आधी शहराशहरांत, पुढे देशोदेशी पसरल्या.

असं काय होतं त्यात? एक तर धर्मगुरूंचं व्यासपीठ नाही. जागा हॉटेलची, वेळ नाश्त्याची किंवा जेवणाची. बोलणारा तुमच्याआमच्यासारखाच. कुणी दुकानदार, कुणी सेल्समन. तो उभा राहून सांगणार कर्जाबद्दल, दारूबद्दल, मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल आणि श्रद्धेने आपण कसे सावरलो त्याबद्दल. विचार करा, आपल्या ऑफिसात ‘हाऊ आर यू?’ला ‘बरं नाहीये’ असं उत्तर कितीजण देतात? ती सोय तिथे होती, म्हणून माणसं पुन्हा आली, मित्रांना घेऊन आली.

अर्थात सगळंच गोग्गोड नाही. नावातच ‘मेन्स’ आहे, म्हणजे अर्धं जग दाराबाहेर! दुसरा प्रश्न पैशांचा. शेजारी बसून प्रार्थना करणाऱ्यावर आपण पटकन विश्वास टाकतो. अमेरिकेतली शेअर बाजार नियामक संस्था गुंतवणूकदारांना नेमकं यापासूनच सावध करते. एकाच धर्माच्या, एकाच समाजाच्या ओळखीवर स्कीम गळ्यात मारणारे भामटे तिथे अनेकदा सापडलेत. ‘आपलाच माणूस आहे’ म्हटलं की कागद तपासायचे राहून जातात. आणि हे काही फक्त ख्रिस्ती मंडळींचं दुखणं नाही. आपल्याकडची भिशी, ज्ञातीची मंडळं, सोसायटीचे ग्रुप आठवून बघा.

म्हणून माझ्यापुरते मी दोन नियम केलेत. जिथे मन मोकळं करायचं, तिथे चेकबुक काढायचं नाही. आणि जिथे चेकबुक काढायचं, तिथे समोरचा कितीही ‘आपला’ असो, कागद वाचल्याशिवाय सही नाही.

बाकी, या आठवड्यात एखाद्या कलीगला कार्ड न देता नुसतं चहाला घेऊन जा. कामाचं काहीही न विचारता. जमतंय का बघा!