विमान सव्वा तासाचे, प्रवास साडेपाच तासांचा!

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत खान्देशातून आलेले हजारो कामगार, अभियंते आहेत. गावाकडून अचानक फोन आला, की पहिला प्रश्न असतो, ‘लवकरात लवकर कसे पोहोचायचे?’ २०२४ मध्ये ‘फ्लाय ९१’ने पुणे-जळगाव विमानसेवा सुरू केली, तेव्हा या प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखे वाटले. पण हिशेब मांडून पाहायला हवा.

अंतर किती?
पुणे ते जळगाव हवाई अंतर सुमारे ३२० किलोमीटर, तर रस्त्याने जवळपास ४००. या मार्गावरचे एटीआर विमान पंख्याचे असते. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे गणिताने ४० मिनिटे पुरेत.

मग सव्वा तास का?
धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळसा घेणे यात वेळ जातो. अंतर कमी असले तरी ही मिनिटे कमी होत नाहीत. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तिथे नागरी विमानांना लष्करी उड्डाणांशी जुळवून घ्यावे लागते.

दारापासून दारापर्यंत
चाकण ते लोहगाव गर्दीच्या वेळी सव्वा तास धरा. विमानतळावर दीड तास आधी पोहोचणे आले. विमानाचा सव्वा तास, बाहेर पडायला अर्धा तास आणि पुढे भुसावळ किंवा धरणगावला जायला एक तास. एकूण साडेपाच तास. त्यात विमानाचा वाटा पाव भागाहूनही कमी! ट्रॅव्हल्सची बस नऊ-दहा तास घेते, पण ती रात्रीत पोहोचवते आणि दिवसाची हजेरी बुडत नाही.

करायचे काय?
‘उडान’ योजनेत सरकार विमान कंपन्यांना तूट भरून देते. तरीही एअर डेक्कन आणि ट्रूजेट यांच्या जळगाव सेवा बंद पडल्या. केवळ तिकीट स्वस्त करून सेवा टिकत नाही. माणूस विमानतळापर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे आणि वेळापत्रक त्याच्या सोयीचे असले पाहिजे. इथल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी जाणारे आणि गुरुवारी रात्री परतणारे विमान मिळाले, तर आसने भरतील. त्याला जोडून चाकण-भोसरी-लोहगाव अशी विमानांच्या वेळेनुसार थेट पीएमपी बस हवी.

चाकण परिसरातला विमानतळ बारगळला आणि पुरंदरची जागा निवडली गेली. ती पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणजे जमिनीवरचा वेळ उद्या आणखी वाढणार. आकाशातली मिनिटे आता फारशी कमी होणार नाहीत. वाचवायचा असेल तर वेळ चाकणच्या रस्त्यावरच वाचवावा लागेल.