हिंगोलीत तत्त्वज्ञान कोणी शिकावे?

विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांची सूचनापत्रे आम्ही नियमाने वाचतो. त्यात आमचा काही व्यावसायिक लाभ नाही; जडलेली सवय आहे, एवढेच. या पत्रांचा साचा ठरलेला असतो. प्रथम एम. ए. आणि पीएच. डी.च्या प्रवेशांची मुदत, मग दोन दिवसांचे चर्चासत्र, त्याखाली एखाद्या पाहुण्या प्राध्यापकांचे व्याख्यान, नेट-सेट उत्तीर्ण झालेल्यांचे अभिनंदन, आणि अगदी तळाशी, बहुधा बारीक अक्षरांत, अभ्यासवृत्त्या व निबंधस्पर्धा. पत्र बहुधा इंग्रजीत असते. मराठीत असलेच तर ते इंग्रजीतून उतरवलेले असते, आणि समजून घेण्यासाठी मनातल्या मनात त्याचे पुन्हा इंग्रजी करावे लागते.

असे एक पत्र आमच्यापैकी एकाने गेल्या पावसाळ्यात सेनगाव तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या हाती दिले. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र तिच्या आवडीचे, आणि नको तेथे प्रश्न विचारण्याची तिला खोड आहे. तिने पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि विचारले, "सर, हे कोणासाठी असतं?" विचारण्यात उपरोध नव्हता. तिला ते खरोखरच कळले नव्हते.

सरळ उत्तर असे की हे तिच्यासाठीही असते. तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेश मिळतो. पदवीला तो विषय घेतलेला असलाच पाहिजे असे नाही. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्तीस पात्र ठरून पीएच. डी.स प्रवेश मिळवल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएच. डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात, आणि त्यासाठी विषय अमुकच हवा अशी अट नाही. शिवाय दिल्लीला भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद आहे. १९७७ मध्ये स्थापन होऊन १९८१ पासून प्रत्यक्ष कार्य करू लागलेली ही परिषद केवळ या एका विषयासाठी आहे. संशोधकांना ती अभ्यासवृत्ती देते, तरुणांसाठी निबंधस्पर्धा घेते, आणि नोव्हेंबरातील तिसऱ्या गुरुवारी येणारा जागतिक तत्त्वज्ञान दिन साजरा करण्यासाठी विद्यापीठांना व महाविद्यालयांना अर्थसाहाय्यही करते. तेव्हा पैसा नाही, संधी नाही, ही तक्रार येथे फारशी टिकत नाही.

तरीही ते पत्र तिला परके वाटले, आणि त्याची कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. नेटची तत्त्वज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेऊन उत्तरे मराठीत लिहिता येतात, आणि अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून अनेक जण तो घेतातही. परंतु प्रश्न मात्र इंग्रजीत किंवा हिंदीतच वाचावे लागतात. आता 'अनुमान' हा एकच शब्द घ्या. आपल्याकडे अनुमान म्हणजे कारणे देऊन काढलेला निष्कर्ष. रोजच्या हिंदीत अनुमान म्हणजे अंदाज. न्यायदर्शनावरील प्रश्न हिंदीतून वाचणाऱ्या मराठी मुलाला आपली भाषा क्षणभर बाजूला ठेवून विचार करावा लागतो. हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

आणि हे मराठीत साहित्य नसल्यामुळे घडते असेही म्हणता येत नाही. दे. द. वाडेकरांनी संपादिलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांत १९७४ मध्येच प्रसिद्ध झाला. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने 'परामर्श' हे मराठी नियतकालिक चालवले. सुरेंद्र बारलिंगे आणि मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी अवघड प्रश्न मराठीत मांडून दाखवले. रेग्यांचे गद्य वाचताना तर्कशास्त्र मराठीत शिकवता येते की नाही ही शंकाच उरत नाही. १९८३ मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि रेगे यांनी न्यायशास्त्राच्या पारंपरिक पंडितांना रसेलच्या विधानविचारावर चर्चेला बसवले होते, आणि ती चर्चा संस्कृतात झाली. संस्कृतात रसेल चालतो, तर सेनगावच्या मराठीत का चालू नये?

दुसरे कारण मात्र आमचे आम्हीच निर्माण केलेले आहे, आणि ते सांगताना आमच्या जिल्ह्यातील काही मंडळी रागावतील. तत्त्वज्ञान म्हटले की आम्ही लगेच नर्सीकडे बोट दाखवतो. परंपरेप्रमाणे संत नामदेवांचे जन्मगाव नर्सी. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे. एवढे सांगून झाले की आमच्या भूमीतच तत्त्वज्ञान आहे, ते वेगळे काय शिकायचे, असा निष्कर्ष निघतो आणि सभा संपते. हा निष्कर्ष आळशी आहे. नामदेवांविषयीचा आदर हा नामदेवांचा अभ्यास होत नाही.

विसोबांची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव देवळात येतात तो हा म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला. नामदेव रागावतात. विसोबा म्हणतात, बाबा, देव जेथे नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. कथा सांगणारे येथून घाईने पुढे जातात, कारण त्यांना चमत्कार गाठायचा असतो: पाय ठेवावेत तेथे पिंडी उगवते. आम्हांला वाटते, थांबायला हवे ते चमत्काराच्या आधी. विसोबांनी जे केले तो शुद्ध युक्तिवाद आहे. समोरच्याचे म्हणणे मान्य करायचे (देव सर्वत्र आहे, हे नामदेवही म्हणतातच), आणि त्याच म्हणण्यातून त्याचा राग कसा असंगत ठरतो ते दाखवायचे. नैयायिकांचा तर्क आणि ग्रीकांचे वादकौशल्य याच वाटेने जाते. या युक्तिवादाला उत्तर आहे का? आहे, असे आम्हांला वाटते: देव सर्वत्र असला तरी आदराची चिन्हे विशिष्ट जागीच ठरलेली असतात, आणि चिन्हाचा अवमान हा सर्वव्यापित्वाने रद्द होत नाही. मग विसोबा काय म्हणाले असते? हा प्रश्न वर्गात विचारला, की तत्त्वज्ञान सुरू झाले. कीर्तनात तो विचारता येत नाही. तेथे शिष्याने शरण जायचे असते. वर्ग वेगळा लागतो तो यासाठी.

आमच्या जिल्ह्याचा या बाबतीतला दुसरा आधार म्हणजे नरहर कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२, गाव नांदापूर, कळमनुरी तालुका. त्या वेळी हा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. रिचर्ड्सची कलामीमांसा, भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, यांवर या माणसाने जे लिहिले ते कोणत्याही तत्त्वज्ञान विभागाला अभिमान वाटावा असे आहे, आणि तो कोणत्याही तत्त्वज्ञान विभागात नव्हता. नांदेडला आधी शाळेत, मग पीपल्स कॉलेजात मराठी शिकवत होता. परीक्षांनी तर त्याला बरेच छळले. यावरून आमच्याकडे एक लाडका सिद्धान्त निघाला आहे: प्रतिभा असली की विभाग लागत नाही.

सिद्धान्त मांडणारे एक गोष्ट विसरतात. कुरुंदकर शिकायला हैदराबादेस होते ते मामांकडे, आणि मामा होते डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे अध्यापक व व्यासंगी संशोधक. पुस्तके घरात, विद्वानांची ये-जा घरात, चुकीचे बोलले की कान धरणारे माणूस घरात. विभाग म्हणजे तरी दुसरे काय असते? कुरुंदकरांना विभाग मिळाला नाही असे नाही. तो त्यांना नात्याने मिळाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. इतक्या मुलामुलींना असा मामा कोठून आणायचा? विद्यापीठ हे मामा नसलेल्यांसाठी असते.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय आम्हांला निकडीचा वाटतो तिच्याकडे येतो. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब; प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल या उपकरणाने ओळखायची. ट्रक गेला, दूर कोठे भूकंप झाला, वारा सुटला, तरी उपकरण हलते. त्या सगळ्या गोंगाटातून खरा संकेत वेगळा कसा काढायचा?

अमेरिकेतील वेधशाळांनी यासाठी एक विलक्षण युक्ती केली होती. काही मोजक्या लोकांनी कोणाला न सांगता उपकरणात खोटा संकेत सोडायचा, आणि बाकीचे शेकडो वैज्ञानिक तो कसा हाताळतात ते पाहायचे. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक संकेत आला. वैज्ञानिकांनी सहा महिने खपून विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदा तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला तेव्हा कळले, संकेत पेरलेला होता. पहिली खरी लहर टिपली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. हॅरी कॉलिन्स हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कित्येक वर्षे या वैज्ञानिकांत वावरले, आणि 'आम्हांला कळले' असे हे लोक नेमके कधी व कशाच्या आधारे म्हणतात, यावर त्यांनी ग्रंथ लिहिले.

हा तर आपल्या न्यायशास्त्राचा जुना प्रश्न आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणावे. पण तो धूर आहे की धुके, हे कशावरून? हेतू आणि हेत्वाभास यांतला फरक कसा ओळखायचा? औंढ्यात वेधशाळा उभी राहील तेव्हा तेथे अभियंते येतील, भौतिकशास्त्रज्ञ येतील, बांधकामावर गावची माणसे जातील. ज्ञान म्हणजे काय हे त्यांच्याकडे पाहून विचारणारे कोणी या तालुक्यातून निघेल का? की तेही कार्डिफहूनच यायचे?

दरम्यान राज्यातील महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय पदवीच्या मुलांना आला आहे, वाणिज्य आणि विज्ञान शाखांनाही. प्रमाणविचार म्हणजे काय, चार्वाकांनी अनुमानाला हरकत का घेतली, बौद्धांचे आणि नैयायिकांचे भांडण कशावरून होते, हे शिकवायला माणूस हवा. तो नसला की ज्याच्या वेळापत्रकात तास रिकामा असेल त्याच्या गळ्यात विषय पडतो, आणि वर्गात पुष्पक विमान उतरते. तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तरांना गेल्या कित्येक वर्षांत इतकी थेट गरज निर्माण झाली नव्हती. पण आमच्या पाहण्यातल्या एकाही सूचनापत्रात या विषयाचा उल्लेख नव्हता.

लहान गावात हे जमायचे नाही, असे कोणी म्हणेल. अमळनेर हे खानदेशातील तालुक्याचे गाव. तेथे प्रताप शेटजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढले, मुलांना राहायला जागा आणि अभ्यासवृत्ती दिली. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य तेथे येऊन राहिले. साने गुरुजी तेथे आधी तत्त्वज्ञान शिकायला आले, शाळामास्तर नंतर झाले. गिरणीच्या पैशातून हे उभे राहिले. आमच्याकडे गिरण्या नाहीत, हळद आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, संशोधन केंद्र आहे. हळदीच्या पैशाने तत्त्वज्ञान मंदिर बांधावे अशी आमची मागणी नाही. मागणी फार लहान आहे.

एखाद्या विभागाने जागतिक तत्त्वज्ञान दिनाचे व्याख्यान यंदा आपल्या सभागृहाऐवजी औंढ्यात किंवा कळमनुरीत ठेवावे. अनुदान परिषदेकडून मिळू शकते, आणि सभागृह आमच्या महाविद्यालयांकडे आहेच. व्याख्यान मराठीत व्हावे. निबंधस्पर्धेत मराठी निबंध स्वीकारावेत आणि सूचनापत्राचे पहिले पान, म्हणजे अभ्यासवृत्त्या, पात्रता, मुदत, एवढेच, सरळ मराठीत आधी लिहून मग त्याचे इंग्रजी करावे. अमुक पदवी असलेल्याला अमुक अर्ज अमुक तारखेपर्यंत करता येतो, हे वाक्य लिहायला परिभाषा लागत नाही.

अशा आशयाचे पत्र आम्ही तीन विभागांना पाठवत आहोत. व्याख्यानाचा विषय सेनगावच्या विद्यार्थिनीने सुचवला आहे: 'खरा संकेत कोणता?' तिचे म्हणणे, वक्ते भौतिकशास्त्राचे नकोत, ते काय सांगतील हे तिला साधारण माहीत आहे. एम. ए.ला जाणार का, हे तिने अजून सांगितलेले नाही. सूचनापत्राची प्रत मात्र तिने परत केलेली नाही.