मुळशीला जा म्हणजे सुचेल!

पुण्यात एखादा माणूस कथा लिहितो हे उघडकीस आले, की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, 'एखादी मालिका का लिहीत नाही?' आणि दुसरा, 'मुळशीला जा हो, तिथं मस्त सुचेल.' पहिल्या सल्ल्यात निदान माझ्या संसाराची काळजी तरी असते. दुसऱ्यावर मात्र माझा राग आहे, आणि तो आज मी यथासांग काढणार आहे.

हा सल्ला देणाऱ्यांत वयाचा, शिक्षणाचा, धंद्याचा काही म्हणजे काही भेद नाही. दात काढता काढता दाताच्या डॉक्टरांनी तो मला दिला. तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे त्या वेळी प्रतिवाद करता आला नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिला, भाचीच्या सासऱ्यांनी दिला, इस्त्रीवाल्याने तर दोनदा दिला. 'काय तो तलाव! काय ते ढग! तुम्ही लेखक लोक तर तिथं वेडे व्हाल!' आता वेडे होण्यासाठी पुण्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचे काय कारण? ती सोय लक्ष्मी रोडवर आहे.

या सल्ल्याच्या मुळाशी एक ठाम समजूत आहे. कथा ही वस्तू हवेत असते. शहरातल्या धुरामुळे ती खाली उतरत नाही. चांदणी चौक ओलांडला, भूगाव-पिरंगुट मागे पडले, पौडच्या पुढे वारा गार लागला, की ती अलगद लेखकाच्या टाळूवर येऊन पडते. लेखकाने फक्त टोपी काढून बसायचे! एवढे करूनही काही पडले नाही, तर दोष अर्थातच टाळूचा.

आमच्या एका स्नेह्यांचा तिकडे बंगला आहे. नाव 'निवांत'. डाव्या हाताच्या बंगल्यात शनिवार-रविवार गाणी लागतात, उजव्या हाताला पाण्याचा पंप चालतो, आणि या दोहोंच्या मध्ये हे निवांत. स्नेह्यांनी मला तीन दिवस तिथे नेऊन ठेवले. व्हरांड्यात टेबल, टेबलावर कोरे कागद, समोर तलाव. मी सवयीने भिंतीकडे तोंड करून बसलो, तर यजमानांनी येऊन माझ्यासकट खुर्ची फिरवली. 'अहो, सीनरीकडे पाठ काय करता?' तीन दिवसांचे माझे एकूण लेखन असे : पहिल्या दिवशी, 'धुके उतरत होते.' दुसऱ्या दिवशी, 'धुके हळूहळू उतरत होते.' तिसऱ्या दिवशी ऊन पडले, आणि ते वाक्य पुराव्याअभावी रद्द झाले.

यात माझा दोष नाही आणि धुक्याचाही नाही. डोंगराला काही हवे नसते, एवढीच अडचण आहे. तलावाला काही नको असते. कथेला मात्र कुणालातरी काहीतरी हवे असावे लागते, आणि दुसऱ्या कुणीतरी ते द्यायचे नाही असे ठरवलेले असावे लागते. आमच्या जिन्यात हे रोज सकाळी सात वाजता, नळाला पाणी येते तेव्हा सुरू होते. देखाव्यात ते नसते. देखाव्याला फक्त 'वा!' म्हणणारा माणूस हवा असतो, आणि 'वा!' म्हटल्यावर पुढचे वाक्य सुचत नाही, हा तुमचा-आमचा सर्वांचा अनुभव आहे.

मग लेखकाने फावल्या वेळात करावे तरी काय? माझे छंद सांगतो. मी बंद पडलेली चावीची घड्याळे दुरुस्त करतो. लंबकाचे घड्याळ भिंतीवर जरा तिरके टांगले, की त्याची टिकटिक लंगडायला लागते. दोन ठोक्यांतले अंतर सारखे राहत नाही, आणि मग ते थांबते. आत काहीच बिघडलेले नसते. ते कान देऊन ऐकायचे, कणभर डावीकडे सरकवायचे, पुन्हा ऐकायचे. यात माझा अख्खा रविवार जातो. आमच्या सौ.च्या मते घरातल्या अकरा घड्याळांपैकी वेळ फक्त तिच्या मोबाइलला कळते. पण वेळ कळावी म्हणून घड्याळे कोण दुरुस्त करतो?

दुसरा छंद वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशींचा. 'सदर मुलगा आमच्या सांगण्याबाहेर गेला असून त्याच्याशी कोणीही व्यवहार करू नये.' एका वाक्यात अख्खी कादंबरी, आणि तीही वडिलांनी पदरमोड करून छापलेली! शेजारीच 'नावात बदल'. एकसष्टाव्या वर्षी एक गृहस्थ आपले नाव बदलतात. इतकी वर्षे ज्या नावाने हाका ऐकल्या त्या नावाने असे काय केले? मी ही कात्रणे कापतो आणि वहीत चिकटवतो. 'याचा लेखनाला उपयोग होत असेल ना?' असे लोक कौतुकाने विचारतात. होतही असेल. पण मी त्यासाठी चिकटवत नाही. उपयोगासाठी केला तो छंद नव्हे, ती नोकरी.

हे माझ्यासारख्या किरकोळ माणसाचे झाले. थोरांचे पाहा. दि. बा. मोकाशी यांनी 'आता अमोद सुनासि आले'सारखी कथा लिहिली आणि पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय केला. उघडलेल्या रेडिओत डोके घालून बसलेल्या त्या माणसाला कुणी 'तलावाकाठी चला' म्हटल्याचे ऐकिवात नाही. पुढे ते दिंडीबरोबर पायी चालले, तेव्हा 'पालखी' झाली. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि चित्रे काढीत. आणि श्री. ना. पेंडसे? ज्यांच्या कादंबऱ्यांतून अवघ्या महाराष्ट्राने कोकण पाहिले, ते गृहस्थ मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरीला होते! 'गारंबीचा बापू' १९५२ साली आला, तो बसगाड्यांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीतल्या माणसाकडून.

बायकांचे तर विचारूच नका. ज्या बायका कथा लिहितात त्यांना मुळशीला कोण धाडतो? कणीक मळून ठेवायची, ती मुरेपर्यंत दोन परिच्छेद, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पूर्णविराम. कणीक मळणे हा त्यांचा छंद आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणून याच घरात राहणे अवघड आहे. पण हात पिठात आणि डोके मोकळे, ही अवस्था कोणत्याही व्हरांड्यापेक्षा सुपीक असते, हे नक्की.

आता विरोधी पक्षाचे वकील उठतील. 'आणि गोनीदा? आणि व्यंकटेश माडगूळकर? ते रानावनात जात नव्हते?' जात होते ना! पण कसे? गो. नी. दांडेकर किल्ले चढले ते स्वतःच्या पायांनी, आणि चढून नुसते 'वा!' म्हणाले नाहीत. राजमाचीवर त्यांना आधी माणूस दिसला, मग डोंगर, म्हणून 'माचीवरला बुधा' झाला. माडगूळकर रानात हिंडत, चित्रे काढीत. चित्र काढायचे तर झाड खरोखर बघावे लागते. फांदी कुठून फुटली, शेंडा कुठे वळला, हे डोळ्यांनी चाचपावे लागते. ही दोघेही मंडळी रानात बघायला गेली, सुचवून घ्यायला नाही. फरक एवढाच आहे, आणि तो सह्याद्रीएवढा आहे.

आता खुद्द मुळशीकडे येतो, कारण माझा खरा राग इथे आहे. ज्या पाण्याकडे पाहून आपण 'काय तो तलाव' म्हणतो, तो तलाव नाही. ते धरण आहे. टाटा कंपनीने वीज करण्यासाठी ते मुळा आणि निळा या नद्यांवर बांधले. पुण्याकडे, पूर्वेला निघालेले हे पाणी अडवून पश्चिमेला वळवले आणि बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. वीज मुंबईला गेली. आणि या पाण्याखाली आंबेमोहोर पिकवणारी खाचरे आणि सुमारे पन्नास गावांची जमीन गेली. १९२१ च्या एप्रिलमध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. बायका-पुरुष तुरुंगात गेले. यातल्या कितीतरी जमिनींवर कागदोपत्री सावकारांचा हक्क. मोबदला घेऊन तडजोड करायला सावकार तयार, कसणारा मात्र तयार नाही. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले. धरणाविरुद्धचा जगातला हा पहिला लढा असे अभ्यासक म्हणतात. आता सांगा, ज्याला यातले काहीच न दिसता फक्त ढग दिसतात, त्याला काय कपाळ सुचणार?

त्या 'निवांत' बंगल्याची राखण करणारे एक मामा आहेत. साठीच्या पुढचे. संध्याकाळी मी त्यांना विचारले, "मामा, तुम्ही मूळचे इथलेच का?"

"इथलंच की, साहेब. आज्जीचं म्हायेर त्ये तितं." त्यांनी हात केला तो थेट पाण्याच्या मधोमध.

"तिथं?"

"व्हय. म्हातारी म्हनायची, समद्या बाया म्हायेराला जात्यात चालत. मला जायाचं तर बुडी मारावी लागंल." आणि मामा हसले.

एवढे सांगून ते बागेला पाणी घालायला गेले. मागून कळले की ती बाग, तो व्हरांडा आणि माझ्यासाठी मांडलेले ते टेबल ज्या जमिनीवर आहे, ती एके काळी मामांच्याच भावकीची होती. मोठ्या भावाने विकली. धाकट्याला आता तिथेच पगार मिळतो. आणि आम्ही त्याच व्हरांड्यात, त्याच पाण्याकडे तोंड करून, कथा कधी टाळूवर पडते याची वाट बघत बसायचे, आणि ती झारी घेऊन शेजारून गेली तर 'मामा, जरा चहा टाका' म्हणायचे!

म्हणून माझे सांगणे आहे, की लेखकाला देखावा दाखवू नका. त्याला उद्योग करू द्या, मग तो कितीही निरर्थक दिसो. कुणी घड्याळ उघडील, कुणी पेटीचे स्वर दुरुस्त करील, कुणी लोणच्याच्या बरण्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावील. हाताला काम असले की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसासमोर बाकीचे लोक बोलतात. कथालेखकाचे सगळे भांडवल हेच. ते गार हवेने वाढत नाही.

आणि एवढे ऐकूनही कुणाला मला मुळशीला धाडायचेच असेल, तर बंगल्याची किल्ली नको. पौडच्या बसचे तिकीट द्या, उभ्याने जाईन. पौड हे तालुक्याचे गाव. तिथल्या कचेरीबाहेर कामाच्या दिवशी मला एका बाकावर बसू द्या. सातबाऱ्याचा उतारा घडी करकरून फाटायला आलेला म्हातारा तिथे येतो. एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ एकाच मोटारसायकलवरून येतात. सही करण्याआधी पदराने अंगठा पुसणारी एखादी बाई येते. त्या बाकावर सावली जेमतेम आहे, चहा फार गोड मिळतो, आणि तिथून तलाव अजिबात दिसत नाही. म्हणून तर म्हणतो.