यंत्रांची कीर्द

लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या वाचकांना कीर्द म्हणजे काय, हे मी काय सांगावे! चाकणची यंत्रेही हल्ली कीर्द लिहितात. एका प्रेसवर दहा सेन्सर, सेकंदाला प्रत्येकी एक नोंद. दिवसाच्या झाल्या ८,६४,०००. त्यासाठी टाइम सिरीज डेटाबेस नावाचे मुनीम असतात, आणि तेही फुकट!

प्रॉमेथियस (२०१२) स्वतः दारोदार फिरून आकडे गोळा करतो. पहाऱ्याला नामी, पण पैन्‌पैचा हिशेब माझ्याकडे मागू नका, असे त्याची माहितीपुस्तिकाच सांगते. इन्फ्लक्सडीबी (२०१३) लिहिण्यात चपळ. मात्र अनेक संगणकांवर काम वाटण्याची सोय २०१६ साली त्याच्या फुकट आवृत्तीतून गेली.

भोसरीच्या लहान कारखानदाराला मी टाइमस्केलडीबी (२०१७) सुचवीन. गिऱ्हाइकाकडून माल परत आला की मालकाला नुसता दाब किती होता एवढेच नको असते. नग कोणत्या पाळीत, कोणत्या डायवर, कोणत्या पत्र्यातून निघाले, तेही हवे असते. हा मुनीम पोस्टग्रेसच्याच घरात राहतो. पाळीचे नि पत्र्याचे तक्ते तिथेच असले, की एका प्रश्नात सारे जुळते. त्याच्या काही सोयी, नोंदी दाबून साठवणे धरून, निराळ्या परवान्याखाली येतात. तो आधी वाचावा. आणि माल परत येण्याची मुदत टळेपर्यंत मूळ नोंदी पुसू नयेत.