परसांतील सावली व सदाहरित नेचा

बाग करावयाची म्हटलें म्हणजे आपलें लक्ष प्रथम उन्हाच्या जागेकडे जातें. गुलाब, शेवंती, झेंडू यांस ऊन हवें. म्हणून घराच्या उत्तरेची अथवा आंब्याखालची सावलीची जागा मोडक्या घमेल्यांस व केरास दिली जाते. ही जागा वायां घालवूं नये असें आमचें मत आहे. तेथें नेचा, ज्यास पुष्कळ जण फर्न म्हणतात, तो लावावा, आणि तोही बारमाही हिरवा राहणारा लावावा. मात्र तो डोंगरावरून उपटून आणूं नये.

मुळशी तालुक्यांतील रिहे गांवाच्या आसपास पावसाळ्यांत फिरणारास नेचे शोधावे लागत नाहींत. ओल्या दरडींवर काळ्या देठाचा नाजुक हंसराज व झाडांच्या खोडांवर बाशिंग, हे सह्याद्रीच्या या बाजूस आपल्या परिचयाचे. मुलें ते हौसेनें उपटून आणितात व डब्यांत लावितात. पाऊस सरला कीं पानें करपतात, आणि रोप मेलें असें समजून डबा उकिरड्यावर रिता होतो. वास्तविक तें मेलेलें नसतें. हंसराजाचें मातींतील खोड जिवंत असतें व पुढल्या पावसांत त्यास पुन्हा पालवी येते. बाशिंगाचीं लांब हिरवीं पानें उन्हाळ्यांत गळतात. आंखूड तपकिरी पानें मात्र तशींच राहून पालापाचोळा सांठवितात व त्यावर तें पोसतें. ऋतूप्रमाणें निजणारीं हीं झाडें आपल्या अज्ञानामुळें फुकट जातात.

यांत केवढी हानि होते हें इंग्लंडांत दिसून आलें आहे. लंडन येथील डॉक्टर नाथानियल वॉर्ड यांस १८२९ सालीं बंद बाटलींतील ओल्या मातींत नेचा उगवलेला आढळला. त्यावरून कांचेच्या पेट्या निघाल्या व घरोघर नेचे ठेवण्याचें वेड पसरलें. संग्राहकांनीं रानें धुंडाळिलीं. आयर्लंडांतील किलार्नी नेचा तर कित्येक ठिकाणांहून नाहींसा झाला. प्रेमानेंही नाश होतो, तो असा.

म्हणून परसासाठीं तलवारीसारख्या लांब पानांचा, बागांत सर्रास आढळणारा नेफ्रोलेपिस घ्यावा. त्याच्या बुडापासून दोऱ्यासारखे धुमारे पसरतात व त्यांवर नवीं रोपें होतात. शेजाऱ्याकडून असें एक रोप मागून आणिलें कीं काम झालें. कुजलेला पाला, बागेची माती व वाळू समभाग मिसळावी. आपली काळी चिकण माती एकटी वापरूं नये, कारण पाणी तुंबून मूळ कुजतें. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसल्यास कीड समजून पान तोडूं नये. नेच्यास फूल व बीं येत नाहीं, त्या ठिपक्यांतील बारीक धूळ हेंच त्याचें वंशवर्धनाचें साधन.

सदाहरित म्हणजे पान कधींच वाळत नाहीं असा अर्थ नव्हे. जुनें पान वाळण्यापूर्वीं नवें उलगडलेलें असतें, इतकेंच. परंतु तें उलगडण्यास ओल हवी. श्रावणांत नेचा कोणीही वाढवील. वैशाखांत तो राखणें हीच खरी परीक्षा. आणि नेमक्या त्याच वेळीं शाळेस सुट्टी असते, मुलें आजोळीं जातात व कुंडी कोरडी पडते.

पालकांस आमची विनंति आहे कीं, एक कुंडी मुलाच्या स्वाधीन करावी व सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालण्याचें काम त्याच्याकडेच ठेवावें. तो गांवीं गेल्यास तें कोणावर सोंपवावयाचें, हेंही त्यानेंच ठरवावें. विद्यार्थिमित्रहो, डोंगरावरचा हंसराज डोंगरावरच पाहा. त्याची राखण पाऊस करितो. परसांतल्या नेच्याची राखण मात्र तुम्हांसच केली पाहिजे.