गव्हाणीपुढे गुणपत्रिका

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या कित्येक धर्मग्रामांत दोन सूचना हमखास कानी पडतात. पहिली पापनिवेदनाच्या वेळापत्रकाची आणि दुसरी घरगुती गोठा स्पर्धेची. पहिलीच्या वेळी मंडळी चुळबुळ करतात, दुसरीला कान टवकारतात. ह्या दुसऱ्या सूचनेविषयी आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड लागणार नाहीत हे आरंभीच सांगितलेले बरे. घराघरांतील नाताळच्या गोठ्याला गुण देण्याची प्रथा बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोठा घरात कसा उभा राहत असे, नव्हे, पुष्कळ घरांत अजूनही कसा उभा राहतो, ते जरा आठवून पाहा. पंधरवडाभर आधी आजी करवंट्यांत माती भरून नाचणी नाहीतर गहू पेरते. शाळेतून आलेली मुले दप्तर टाकण्याआधी अंकुर किती बोटे वर आले ते पाहतात. वडील बांबूच्या कामट्या तासतात, पेंढ्याचे छप्पर शाकारले जाते. माळ्यावरची पेटी खाली येते आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या मूर्ती एकेक करून बाहेर निघतात. एका मेंढीचा पाय मोडलेला, एका राजाचा हात डिंकाने चिकटवलेला, आणि बैल योसेफाच्या मानाने अगदीच बारका! पण तो बदलावा असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण तो आजोबांनी आणलेला असतो. गव्हाण मात्र 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी. मिस्साहून परतल्यावर घरातले शेंडेफळ बाळ येशूला तिच्यात निजवते, सारे गुडघे टेकतात, आणि मगच करंज्यांचा डबा उघडतो. तीन राजे तेव्हा कुठे दूर कपाटावर असतात. ते रोज वीतभर पुढे सरकत आपल्या सणाला गोठ्याशी पोचतात.

आता ह्या घरात स्पर्धा शिरली की काय होते ते पाहा. कित्येक ठिकाणी परीक्षक नाताळच्या आधीच फिरून जातात. रिकामी गव्हाण त्यांना अपुरी दिसेल ह्या धास्तीने बाळाला चार दिवस आधीच जन्म घ्यावा लागतो, आणि राजेही मेंढपाळांच्या अगोदर येऊन उभे! आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे आम्ही व्यासपीठावरून शिकवतो आणि घरी परीक्षकांच्या सोयीने ते मोडतो. धाकट्यांना ‘हात लावू नका, पडेल’ असा दम मिळतो. मोटारीवर चालणारा धबधबा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा बाजारातून येतात. 2018 साली शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा कुठे आमच्यापैकी अनेकांना पेंढ्याची आठवण झाली. मोडक्या पायाची मेंढी पेटीतच राहते, कारण तिच्यामुळे गुण जातात.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना एक सुंदर रीत सांगतात. आगमनकाळात एखादे सत्कृत्य केले की गव्हाणीत गवताची एक काडी ठेवावयाची. बाळाचे अंथरूण त्यातून तयार होते. भावाला मारलेले नाही, एक काडी. आजीचे पाय चेपले, एक काडी. ह्या काड्यांना कोणता परीक्षक किती गुण देणार? त्या कोणी आणि कशासाठी ठेवल्या, हे त्या घरालाच ठाऊक असते.

गोठ्याचा उगम ज्या प्रसंगाशी जोडतात तो 1223 सालचा आहे. इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांनी नाताळच्या रात्री गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढेच मांडावयास सांगितले. मूर्ती नव्हत्या. त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली, आणि भोवती जमलेले गावकरी हेच मेंढपाळ झाले. बाळ कोणत्या अभावात जन्मले ते डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्या संताची इच्छा होती. ह्याच ग्रेच्चो येथे 1 डिसेंबर 2019 रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी गोठ्यावरील आपल्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. गोठा कसा मांडला ह्याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो की नाही ह्याला आहे, असा त्यातील एका विचाराचा आशय आहे. आमच्या गुणपत्रिकेत नेमके जे महत्त्वाचे नाही त्याचेच रकाने असतात.

ह्यावर जे म्हटले जाईल ते आम्हांस ठाऊक आहे. स्पर्धेमुळे तरुण मुले रात्री जागून विधायक काम करतात. पाणी, शेती, पर्यावरण असे विषय गोठ्यांतून मांडले जातात. स्पर्धा नसती तर निम्म्या घरांत गोठाच झाला नसता. पहिल्या दोन गोष्टी आम्ही आनंदाने मान्य करतो. वाडीच्या नाक्यावर मंडळांनी खुशाल भव्य देखावे उभारावेत आणि त्यांच्या चढाओढी व्हाव्यात. तो चौकातला उत्सव आहे. आमचा वाद घरातल्या गोठ्यापुरता आहे. तिसरे म्हणणे मात्र खरे असेल तर ते स्पर्धेचे समर्थन नव्हे. बक्षिसावाचून गोठा होत नसेल, तर त्या घरात आधी कशाची उणीव आहे ते पाहावयास हवे. शिवाय एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घरांनी ह्या यादीत नाव घालणे केव्हाच सोडले आहे. ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्या नावाने आम्ही जागा असलेल्यांना ढाली वाटतो.

मग धर्मग्रामाने काय करावे? रोममध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी 1969 साली एक प्रथा सुरू केली. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मुले आपापल्या घरच्या गोठ्यातील बाळ येशूची मूर्ती घेऊन संत पीटरच्या चौकात येतात आणि पोप त्या मूर्तींना आशीर्वाद देतात. कोणाचे बाळ अधिक देखणे, हे तेथे कोणी ठरवीत नाही. आमच्याही चर्चमध्ये त्या रविवारी हे सहज होऊ शकेल. त्यासाठी ना परीक्षक लागतात, ना रिक्षाभाडे.

बक्षिसांसाठी बाजूला काढलेले पैसे उरतीलच, आणि परीक्षकांबरोबर घरोघर हिंडणारी तरुण मंडळीही मोकळी होईल. वर्षभरात माणूस गेले म्हणून ज्या घरी यंदा गोठा उभा राहणार नाही, तेथे त्यांनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी पेंढ्याची एक पेंढी आणि चार लहान मुले घेऊन जावे.